लॅबमध्येच बनवलेलं लायसोस्टॅफिन

एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या सेमिस्टरला माझं डेझर्टेशन ठरलं कासदाहावर. म्हणजे गायी-म्हशींची कास सुजते, दूध गाठीगाठीचं येतं, गावाकडे काही ठिकाणी दगडी म्हणतात तो आजार. प्लॅन अगदी साधा होता, आजूबाजूच्या गोठ्यांमधून दुधाची सॅम्पल्स आणायची, त्यातून स्टॅफिलोकोकस ऑरिअस (आमच्या भाषेत स्टॅफ) हा बॅक्टेरिया वेगळा करायचा, डीएनए काढायचा, पीसीआर म्हणजे त्यातल्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती करायच्या, लिहून टाकायचं. सॅम्पल्स आली, मॅनिटॉल सॉल्ट अगारवर छान पिवळ्या कॉलनीज पण आल्या, आणि डीएनएपाशी येऊन सगळं अडलं.

आमच्याकडे जो प्रोटोकॉल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय तो लायसोझाइमचा, म्हणजे बॅक्टेरियाची भिंत तोडणाऱ्या एन्झाइमचा. पेलेट, म्हणजे तळाशी बसवलेल्या पेशी, घ्या, लायसोझाइम टाकून ३७ डिग्रीला ठेवा, मग एसडीएस, मग प्रोटिनेज के, मग फिनॉल-क्लोरोफॉर्म. बॅसिलसवर हे केलं की द्रावण घट्ट चिकट होतं, पिपेटच्या टीपला तार येते, ती तार म्हणजेच बाहेर आलेला डीएनए, त्यामुळे पेशी फुटल्या का नाही हे डोळ्यांनीच कळतं. स्टॅफच्या ट्यूबमध्ये ढिम्म काही नाही. पांढरं दुधट पाणी होतं तसंच पांढरं दुधट पाणी. लॅबमधला सिनियर, पीएचडी करतोय, त्याला सगळे दादाच म्हणतात, तो ट्यूब उजेडात धरून म्हणाला, "अगं, रात्रभर काय, आठवडाभर ठेवलंस तरी स्टॅफ लायसोझाइमला दाद देणार नाही."

आता लायसोझाइम म्हणजे काही ऐरंगैरं एन्झाइम नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्याही आधी, १९२२ मध्ये, त्याच्यावर पेपर लिहिला, आणि ते त्याला मिळालं कुठे तर सर्दी झालेली असताना स्वतःच्या नाकातल्या शेंबडात. आपल्या अश्रूत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्यात असतं. १९६५ मध्ये लंडनला डेव्हिड फिलिप्सच्या गटाने त्याची त्रिमिती रचना काढली, एक्स-रेने रचना कळलेलं ते पहिलं एन्झाइम. बॅक्टेरियाच्या भिंतीत दोन साखरा आळीपाळीने ओवलेल्या असतात, त्यांना लॅबमध्ये सगळे नॅग आणि नॅम म्हणतात, आणि नॅमपासून नॅगकडे जाणारा बीटा १-४ बाँड लायसोझाइम तोडतं. त्याच्या खाचेत सलग सहा साखरा बसतात आणि ३५ नंबरचं ग्लुटामिक ॲसिड नि ५२ नंबरचं ॲस्पार्टिक ॲसिड मिळून काम उरकतात. स्टॅफ ऑरिअसची चलाखी अशी की त्याने नॅमच्या सहाव्या कार्बनवर एक ॲसिटाइल गट चिकटवून ठेवलाय. तेवढ्या एका गटामुळे साखर लायसोझाइमच्या खाचेत नीट बसतच नाही, आणि बसलीच नाही तर तुटणार कशी. हे ॲसिटाइल चिकटवणारं एन्झाइम कोणतं आणि ते काढून टाकलं तर स्टॅफ लायसोझाइमला बळी पडतो हे २००५ मध्ये दाखवलं गेलं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचत गेले तसं कळलं. पण तेव्हापासून डोक्यात एक बसलं की तोडण्याच्या आधी बसणं आहे, आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

दादा म्हणाला लायसोस्टॅफिन लागेल, स्टॅफची भिंत तोडणारं दुसरं एन्झाइम. कॅटलॉगमध्ये किंमत बघितली आणि पान बंद केलं. मॅडमना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "विकत कशाला घ्यायचं, बनव की. जीन सिंथेसाइज करून घेऊ, तेवढे पैसे आहेत ग्रँटमध्ये." आणि अशा रीतीने माझं कासदाहाचं डेझर्टेशन हळूहळू भिंत फोडण्याचं डेझर्टेशन झालं, ज्याचं मला आजही अजिबात वाईट वाटत नाही.

लायसोस्टॅफिन हे स्टॅफला मारणारं दुसऱ्या स्टॅफचं एन्झाइम. भाऊबंदकी म्हणा हवं तर. १९६४ मध्ये शिंडलर आणि शूहार्ट या दोघांनी ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, बनवणारा जीव म्हणजे स्टॅफिलोकोकस सिम्युलन्सचा एक प्रकार, आणि जीन त्याच्या प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या गोल डीएनएवर. तयार एन्झाइम २४६ अमिनो ॲसिडचं, साधारण २७ किलोडाल्टन. मूळ जीव ते एकदम तयार सोडत नाही, पुढे एक लांब शेपूट, ज्यात १३-१३ अमिनो ॲसिडचे तेच तेच तुकडे परत परत येतात, ते लावून बाहेर टाकतो, आणि बाहेर गेल्यावर दुसरं एक प्रोटिएज ते शेपूट कापतं. शेपूट असताना त्याची ताकद चार-साडेचार पटींनी कमी असते. आम्ही अर्थात शेपूट वगळून फक्त २४६ चा भाग घेतला.

भिंतीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा थांबते. नॅग-नॅमच्या साखळ्या ही एक दिशा. प्रत्येक नॅमवर पाच अमिनो ॲसिडची एक छोटी दांडी लोंबते, स्टॅफमध्ये ती एल-ॲलानिन, डी-आयसोग्लुटामिन, एल-लायसिन आणि मग दोन डी-ॲलानिन. शेजारच्या दांड्या एकमेकींना जोडल्या की जाळं तयार होतं, आणि जोडताना शेवटचं डी-ॲलानिन गळून पडतं. ई. कोलायमध्ये दांड्या सरळ एकमेकींना चिकटतात, मध्ये काही नाही. स्टॅफ ऑरिअसमध्ये मात्र मध्ये एक पूल असतो, एकामागोमाग एक पाच ग्लायसिन, एका दांडीच्या लायसिनपासून निघून शेजारच्या दांडीच्या चौथ्या जागेवरच्या डी-ॲलानिनला जाऊन मिळणारा. गंमत म्हणजे हे ग्लायसिन चक्क टीआरएनए वाहून आणतात, जे टीआरएनए आपल्याला रायबोसोमसाठीच असतात असं शिकवलेलं असतं, आणि फेम-एक्स, फेम-ए, फेम-बी नावाची तीन एन्झाइम्स ते लावतात, पहिला फेम-एक्स, दुसरा-तिसरा फेम-ए, चौथा-पाचवा फेम-बी. स्टॅफच्या साखरेच्या साखळ्या आखूड असतात पण पूल प्रचंड, बहुतेक दांड्या कुणा ना कुणाला जोडलेल्या. लायसोझाइम उभ्या सुतळ्या कापायला बघतं, लायसोस्टॅफिन आडव्या, आणि बाजेच्या आडव्या सुतळ्या गेल्या की उभ्या शाबूत असून उपयोग नाही, बसणारा खालीच जाणार.

लायसोस्टॅफिन ग्लायसिन आणि ग्लायसिनच्या मधला पेप्टाइड बाँड तोडतं, मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. तोडायला त्याच्या पोटात एक झिंकचा अणू लागतो, दोन हिस्टिडिन आणि एका ॲस्पार्टिकने धरून ठेवलेला. झिंक पाण्याच्या रेणूला तयार करतं आणि तो पाण्याचा रेणू बाँडवर जातो. म्हणून झिंक खेचून घेणारं फिनँथ्रोलिन टाकलं की सगळं बंद. आणि उलट, वरून जास्तीचं झिंक टाकलं तरी पण बंद. थोडं हवं, फार नको.

बनवायचं काम तसं रुटीन. जीन पीईटी व्हेक्टरमध्ये, म्हणजे जीन वाहून नेणाऱ्या प्लास्मिडमध्ये, मागे-पुढे सहा हिस्टिडिनचा टॅग, ई. कोलायच्या बीएल२१ स्ट्रेनमध्ये ट्रान्सफॉर्म, कॅनामायसिन प्लेट, कॉलनी उचल, ओव्हरनाईट कल्चर, दुसऱ्या दिवशी फ्लास्क, ओडी, म्हणजे गढूळपणाचा आकडा, पुरेसा आला की आयपीटीजीने इंड्यूस, म्हणजे प्रोटीन बनवायला लावायचं. मला पहिली शंका ही की सेल वॉल फोडणारं एन्झाइम बॅक्टेरियामध्येच बनवायचं तर तो बॅक्टेरिया मरणार नाही का. मॅडमनी उत्तर न देता नुसतं बघितलं, म्हणजे स्वतः शोध. उत्तर सोपं आहे, एक तर ई. कोलायच्या भिंतीत ग्लायसिनचा पूलच नाही, आणि दुसरं म्हणजे प्रोटीन बनतं सायटोप्लाझममध्ये आणि भिंत असते मेंब्रेनच्या पलीकडे, दोघांची गाठच पडत नाही.

आमच्या इथे संध्याकाळी लाईट जाणं हा वेगळाच विषय, त्यामुळे शेकर मध्येच बंद पडू नये म्हणून मी इंडक्शन पहाटे लावायला लागले, वॉचमनकाका मला बघून "आल्या मॅडम" म्हणायचे. पेलेट सोनिकेट केली, सुपरनॅटंट निळसर-हिरव्या निकेल कॉलमवर चढवला, धुतला, मग इमिडॅझोलने इल्यूट. जेल रन केली, कूमासी लावली, डीस्टेनमध्ये हळूहळू गर्द निळा बँड दिसायला लागला, २७ च्या जरा वर, टॅगमुळे. प्रोटीन विरघळलेलं मिळालं, इन्क्लुजन बॉडीमध्ये गेलं नाही, हे आमचं नशीब. मग इमिडॅझोल घालवायला डायलिसिस, ग्लिसरॉल टाकून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे ८० ला.

बँड आला म्हणजे एन्झाइम काम करतंय असं नाही. त्यासाठी झायमोग्राम केला, आणि ज्यांनी केला नसेल त्यांनी एकदा तरी करून बघावा इतका तो बघायला सुंदर असतो. जेल ओततानाच त्यात उष्णतेने मारलेल्या स्टॅफच्या पेशी मिसळायच्या, त्यामुळे सगळी जेल धुरकट पांढरी. प्रोटीन रन करायचं, मग एसडीएस धुऊन काढायला ट्रायटनच्या बफरमध्ये ठेवायचं म्हणजे प्रोटीन परत घडी घालून उभं राहतं, आणि जिथे एन्झाइम आहे तिथल्या पेशी विरघळून पारदर्शक पट्टी तयार होते. मिथिलीन ब्लूने रंगवलं की निळ्या जेलमध्ये काचेसारखी एक खिडकी. माझी खिडकी बरोब्बर त्या २७ च्या जरा वर पडली.

आणि मग टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा मोजणं. स्टॅफची जिवंत पेशी बफरमध्ये घेऊन ओडी ६०० ला साधारण १ वर आणायची, क्युवेटमध्ये एन्झाइम टाकायचं, आणि दर मिनिटाला आकडा लिहायचा. पीएच ७.५ च्या आसपास ठेवला होता. लायसोझाइमच्या क्युवेटचा आकडा हलेना. लायसोस्टॅफिनच्या क्युवेटमध्ये आधी काहीच होत नाही असं वाटतं, आणि मग आकडा जो घसरायला लागतो तो थांबतच नाही, डोळ्यांसमोर गढूळ पाणी स्वच्छ होतं. पिपेट बुडवून वर काढली, तार आली. मी "आली आली" असं ओरडले आणि शेजारच्या लॅबमधले लोक काय झालं म्हणून बघायला आले.

सुरुवातीला जो थोडा वेळ काहीच होत नाही, तो मला फार आवडतो. कारण त्या वेळात एन्झाइम रिकामं बसलेलं नसतं, पूल तुटत असतात, पण एवढ्या दाट जाळ्यात थोडे पूल गेल्याने पेशी फुटत नाही. आणि फुटते ती एन्झाइममुळे नाहीच. स्टॅफच्या पेशीच्या आत सुमारे २० अॅटमॉस्फिअरचा दाब असतो, भिंत पुरेशी विरली की तो दाबच तिला फोडतो. हे बघायला दादाने एक प्रयोग सुचवला, बफरमध्ये भरपूर सुक्रोज टाकायची. बाहेर साखरेचं पाणी दाट असेल तर बाहेरच्या पाण्याला आत घुसायचं कारण राहत नाही. तसंच झालं, एन्झाइम तेच, वेळ तेवढाच, पण ओडी थोडाच उतरला. स्लाइड बघितली तर भिंत गेलेले नुसते मऊ गोळे, प्रोटोप्लास्ट. त्याच क्युवेटमध्ये साधं पाणी ओतलं आणि क्षणात सगळं स्वच्छ. मारेकरी कोण, असा प्रश्न कुणी विचारला तर माझं उत्तर पाणी.

इथपर्यंत डीएनए काढण्यापुरतं माझं काम झालेलं होतं, खरं तर. पण मॅडम म्हणाल्या, आता हे एन्झाइम स्टॅफलाच कसं धरतं ते बघ. आणि मग या सगळ्यातला खरा मजेचा भाग सुरू झाला.

लायसोस्टॅफिनचे दोन भाग आहेत, मध्ये एक लवचिक दोरी. पुढचा भाग तोडणारा, झिंकवाला. मागचा ९२ अमिनो ॲसिडचा भाग काहीच तोडत नाही, तो फक्त भिंत ओळखून तिला धरून बसतो, त्याला एसएच३बी म्हणतात. १९९६ मध्ये बाबा आणि श्नीविंड यांनी हा मागचा भाग उडवून बघितला होता. तर तोडायची ताकद राहिली, पण एन्झाइमला माणूस ओळखेनासा झाला, म्हणजे स्टॅफ ऑरिअस कोण आणि स्वतःला बनवणारा सिम्युलन्स कोण हा फरकच त्याला करता येईना. मी पण तसं अर्धं एन्झाइम बनवलं, मागच्या भागाशिवायचं, आणि त्याच क्युवेटमध्ये तेवढंच टाकलं. आकडा उतरला, पण किती रडतखडत. तोडणारा भाग तोच, झिंक तेच, बाँड तेच. फक्त धरून ठेवणारं कुणी नाही, त्यामुळे एन्झाइम पाण्यात भटकत राहतं आणि भिंतीला लागलं तर लागलं.

मग उलटं केलं, नुसता मागचा भाग घेतला आणि त्याला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलं. स्टॅफच्या पेशींवर टाकलं, धुतलं, फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली ठेवलं, तर प्रत्येक गोळ्याभोवती हिरवी कडी. ई. कोलायवर टाकलं तर अंधार, पण ते मी धरत नाही, कारण ई. कोलायला बाहेरून अजून एक मेंब्रेन असतं, आत जायलाच वाट नाही. म्हणून बॅसिलस सबटिलिस घेतला, त्याची भिंत उघडीच असते, जाड असते, पण त्यातही ग्लायसिनचा पूल नाही, दांड्या थेट जोडलेल्या. तिथे पण अंधार. हा कंट्रोल मला सगळ्यात जास्त पटला.

आता हा तुकडा पाच ग्लायसिन ओळखतो कसा. ग्लायसिन हे अमिनो ॲसिडमधलं सगळ्यात किरकोळ, बाजूला नुसता एक हायड्रोजन, पकडायला ना हात ना पाय. मला वाटायचं ओळखायला काहीतरी ठळक खूण लागते. इथे उलट आहे, एसएच३बी मधली खाच इतकी चिंचोळी आहे की ज्याच्या बाजूला काहीही नाही असाच पूल तिच्यात बसू शकतो. २०१९ मध्ये या खाचेत पाच ग्लायसिन बसलेली रचना छापून आली, आणि २०२० मध्ये अजून एक गोष्ट, की या तुकड्याला दोन पकडी आहेत, एका बाजूने तो पूल धरतो आणि दुसऱ्या बाजूने भिंतीतली दांडी. एकेक पकड तशी ढिलीच. पण भिंतीत पूल आणि दांड्या हजारोंनी शेजारी शेजारी असतात, म्हणून सगळं मिळून चिकटणं घट्ट. ढिली पकड असण्यात मला तरी सोय दिसते, एकाच जागी कायमचं अडकून बसलं तर पुढचा पूल कोण तोडणार.

यावरून सिम्युलन्स स्वतः का मरत नाही ते आपोआप उलगडतं. त्याच प्लास्मिडवर लायसोस्टॅफिनच्या जीनशेजारीच अजून एक जीन आहे, लिफ, फेम-ए च्याच नात्यातली. ती पुलातल्या तिसऱ्या आणि पाचव्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन बसवते. सेरिन म्हणजे ग्लायसिनपेक्षा एक कार्बन आणि एक ओएच जास्त, बस. तेवढ्याने धरणारी खाच पण अडते आणि तोडणारी पण.

आमच्या जर्नल क्लबला मी हे मांडलं तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं की मग प्रत्येक बॅक्टेरिया स्वतःची भिंत कशी सांभाळतो, त्याच्याकडे पण भिंत तोडणारी एन्झाइम्स असतातच ना. असतातच. भिंत न तोडता पेशी वाढू पण शकत नाही आणि दोन पण होऊ शकत नाही. स्टॅफ ऑरिअसचं स्वतःचं मोठं एन्झाइम म्हणजे ॲटल, त्याचे दोन तोडणारे भाग, एक दांडीला साखरेपासून सोडवतो आणि दुसरा साखरेची साखळी तोडतो. आणि ते नेमकं दोन पेशी वेगळ्या होतात त्या पट्ट्यावरच बसतं. का, तर बाकीच्या जुन्या भिंतीवर टायकॉइक ॲसिडचं, म्हणजे भिंतीला जोडलेल्या लांब साखळ्यांचं, रान माजलेलं असतं, ते ॲटलला बसू देत नाही, आणि नव्या आडव्या भिंतीवर ते कमी असतं. म्हणजे इथे ओळख पटते ती अडथळा नसण्याने. ई. कोलायचं तंत्र अजून वेगळं, त्याची अमिडेजं दांड्या सोडवतात, त्यामुळे साखळीचा दांड्या नसलेला बोडका भाग उरतो, आणि स्पोर नावाचे डोमेन नेमक्या त्या बोडक्या साखळीलाच जाऊन चिकटतात, जो भाग फक्त विभाजनाच्या जागीच असतो. ही तीन अमिडेजं काढून टाकली तर ई. कोलाय वेगळेच होत नाहीत, लांबच लांब माळा तयार होतात. माझ्या दहा मिनिटांच्या टॉकचा अर्धा तास झाला, चहा गार झाला.

कासदाहावर परत यायचं तर, हे सगळं दुधाशी जोडलेलं आहे हे मला उशिरा कळलं. अमेरिकेत २००५ मध्ये अशा गायी तयार केल्याचा पेपर आला ज्यांच्या दुधातच लायसोस्टॅफिन उतरतं, आणि त्यांच्या कासेत मुद्दाम स्टॅफ ऑरिअस सोडला तरी साध्या गायींपेक्षा लागण खूपच कमी झाली. त्यातली मला आवडलेली अडचण अशी की जनावराची पेशी प्रोटीन बाहेर टाकताना ठरावीक ॲस्परजिनवर साखर चिकटवते, आणि साखर चिकटलेलं लायसोस्टॅफिन कामच करत नाही. म्हणून १२५ आणि २३२ नंबरच्या ॲस्परजिनच्या जागी ग्लुटामिन घालावं लागलं. यातलं २३२ मागच्या एसएच३बी मध्येच येतं. अशा गायी गोठ्यात कधी येतील का, लोकांना ते दूध चालेल का, हा वेगळा वाद, मला स्वतःला तरी आधी धार काढायच्या आधी नि नंतर सड नीट धुणं-बुडवणं झालं तरी पुष्कळ असं वाटतं. गोठे बघितलेत मी.

माझ्या आयसोलेट्सवर एन्झाइम लावलं तेव्हा बहुतेक पटापट फुटले, आणि काही मात्र रेंगाळले. जे रेंगाळले त्यांची कोॲग्युलेज, म्हणजे ऑरिअस ओळखायची, टेस्ट केली तर निगेटिव्ह, म्हणजे ऑरिअस नव्हेतच, दुसऱ्या जातीचे स्टॅफ. मॅनिटॉल प्लेटवर पिवळं करणारे सगळेच ऑरिअस नसतात हे पुस्तकात असतंच. एपिडर्मिडिससारख्या जातींच्या पुलात मूळचेच काही सेरिन वगैरे असतात, त्यामुळे त्या लायसोस्टॅफिनला तितक्या लवकर बधत नाहीत. म्हणजे क्युवेटमधला वेग बघून मला पुलाचा अंदाज येत होता, पीसीआरच्या आधीच. मॅडम म्हणाल्या हे डायग्नोस्टिक म्हणून लिहू नकोस, निरीक्षण म्हणून लिही, आणि तसंच लिहिलं.

शेवटचं एक पान मी हट्टाने टाकलं. ऑरिअसच्या लॉनवर, म्हणजे प्लेटभर वाढलेल्या थरावर, एन्झाइमचा थेंब ठेवला की स्वच्छ गोल पडतो, आणि जास्त दिवस ठेवलं की त्या गोलात एखाद-दुसरी बारकी कॉलनी डोकं वर काढते. तशी एक उचलली. वाढायला महाआळशी, पण लायसोस्टॅफिनला खरंच दाद देईना. तिच्यासमोर ऑक्सासिलिनची (पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध) डिस्क ठेवली तर झोन, म्हणजे डिस्कभोवतीची वाढ न झालेली जागा, मूळ स्ट्रेनपेक्षा मोठा. हे पण आधी छापलेलं आहे, मी काही नवीन शोधलं नाही, पण स्वतःच्या प्लेटवर स्केल ठेवून मोजताना वेगळंच वाटतं.

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी बाकीची पानं भराभर उलटली आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणाले, लायसोस्टॅफिनपासून वाचला म्हणून पेनिसिलिनच्या भाऊबंदांपुढे का हरला, सांगा. मी सांगितलं की लायसोस्टॅफिनपासून वाचायचा एक मार्ग म्हणजे फेम-ए बिघडणं, मग पूल पाचऐवजी एकाच ग्लायसिनचा राहतो, एन्झाइमला धरायला आणि तोडायला काही उरत नाही. पण एमआरएसएचा, म्हणजे या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफचा, सगळा माज ज्याच्यावर चालतो ते पीबीपी२ए नावाचं एन्झाइम दांड्या जोडताना लांब पूलच मागतं, आखूड पुलावर त्याला काम जमत नाही. त्यामुळे भिंत सैल, आणि ऑक्सासिलिन परत चालायला लागतं. सरांनी विचारलं, तुमच्या कॉलनीत फेम-एच बिघडलाय हे कशावरून. म्हटलं, अजून सिक्वेन्स केलेला नाही, ग्लिसरॉल स्टॉक ठेवलाय, पुढच्या बॅचची मुलगी करणार आहे, आणि फेम-ए मध्ये काही नाही सापडलं तर तिला फेम-बी आणि त्याच्या पलीकडचं पण बघावं लागेल. ते म्हणाले ठीक आहे, बसा, आणि मग मॅडमकडे वळून त्यांच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी एन्झाइमच्या दोन ट्यूब मागितल्या.